बस मागेच राहिली

मयूर विहार, दिल्ली
सोमवार, दुपार

तीर्थरूप वन्सं यांस,

फलटणच्या दिशेला तोंड करून अहिल्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (हे नुसतं पत्रात लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. काल सकाळी स्टेडियमबाहेरच्या गवतावर मी खरोखरच आठही अंगांनी आडवी पडले होते. तोंड नेमकं कुठल्या दिशेला होतं ते पाहायचं त्राण नव्हतं, पण फलटणकडे असावं असं धरून चला.) इकडे मी खुशाल आहे, म्हणजे कमरेच्या वर खुशाल आहे. कमरेच्या खालचा भाग गरम पाण्याच्या बादलीत ठेवून हे पत्र लिहिते आहे. तुमचा गुडघा कसा आहे, डोळ्यांचे थेंब घालता की बाटली फ्रीजमध्ये शोभेला ठेवली आहे, गच्चीवरच्या टाकीचं झाकण माकडांनी पुन्हा पळवलं का, सगळं सविस्तर कळवा. पद्माकर भाऊजींना नमस्कार सांगा, आणि ट्रकवाल्याला दिलेला निरोप मागे घ्यायला सांगा.

काल तुमचा फोन आला तेव्हा मी फक्त "पुरी केली" एवढंच म्हणू शकले. त्यावर तुम्ही "कोणी पाहिलं?" असं विचारलंत आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवलात. म्हणून पत्र. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, हा त्याचा मोठाच फायदा आहे.

आधी आपलं काय ठरलं होतं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. फेब्रुवारीत ह्यांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आणि भाऊजी आलात. बाल्कनीजवळच्या ह्यांच्या वेताच्या खुर्चीत मी बसून असायची, ते तुम्ही चार दिवस पाहिलंत. लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मजल्यावर येताना मी दोनदा जिन्यात टेकले, तेही पाहिलंत. मग निघायच्या दिवशी बूट घालता घालता तुम्ही निकाल दिलात, "अहिल्ये, ह्या खुर्चीत बसून बसून तू संपशील आणि आम्हाला वास आल्यावर कळेल. दिवाळीनंतर पद्माकर ट्रक घेऊन येईल. फ्लॅट भाड्याने दे आणि फलटणला चल." मी म्हटलं, मी इथेच बरी आहे. तुम्ही म्हणालात, बरी असशील तर दाखव. आता दाखवायचं काय, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं, आणि तिथेच माझं चुकलं. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्र होतं (म्हणजे रंगवायला काढलेल्या भिंतीवर चिकटवलेलं होतं), त्यात दिल्लीच्या हाफ मॅरेथॉनची बातमी होती आणि मला कुठलाही छापील कागद दिसला की वाचायची खोड आहे. मी म्हटलं, ऑक्टोबरात ही धावून दाखवते. एकवीस किलोमीटर म्हणजे किती, हे त्या क्षणी आपल्या दोघींनाही माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पुरी केलीस तर मी विषय काढणार नाही. अर्ध्यात गाडीत बसलीस तर सामान बांधायचं." भाऊजी साक्षीला होते. ते हसत होते, पण साक्ष ती साक्ष.

तुम्ही गेल्यावर मी रेल्वेचं वेळापत्रक काढून एकवीस किलोमीटर म्हणजे कुठून कुठे ते पाहिलं, आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

तिथून मला उठवलं ते सुभेदार शहाजी कदमांनी. हे शेजारच्या सोसायटीत राहतात, मूळचे कोरेगावचे, फौजेतून निवृत्त झाले पण ते अजून त्यांना कुणी कळवलेलं नाही. रोज सकाळी संजय झीलच्या बागेत ते लोकांना पळवतात. त्यांचे दोन गट आहेत. पुढचा गट म्हणजे ऑफिसात जाणारी तरणी पोरं, आणि मागचा गट म्हणजे आम्ही, ज्याला ते "रसद" म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "वहिनी, काय त्रास?" मी म्हटलं, दम लागतो, गुडघा दुखतो, झोप येत नाही. ते म्हणाले, "असं होय. मग झाडापर्यंत पळा आणि या." मी गेले आणि आले. "आता पुढच्या झाडापर्यंत." वन्सं, आठ महिने माझं शिक्षण हे एवढ्याच अभ्यासक्रमावर झालं. माझ्याबरोबर रसदीत वरच्या मजल्यावरची चेतना होती. ही मूळची आपल्याकडची, पण जन्म इथला, त्यामुळे मराठी बोलताना अर्ध्या वाटेत हिंदीत उतरते. मी म्हटलं, पोटऱ्या दुखतात गं, तर म्हणते, "काकू, पोटऱ्या म्हणजे पाय का पीछेवाला ना? यार, ते तर सगळ्यांचेच दुखतात." पण मुलगी गुणी आहे. मला बुटांची दुकानं तिनेच दाखवली, आणि पँटही तिनेच घ्यायला लावली. (होय, पँट घातली. इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. वर गुडघ्यापर्यंत कुर्ता होता.)

आता नावाचा घोळ सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. स्पर्धेत नाव घालायचं ते फोनवरून. चेतना म्हणाली, मी भरते. मी म्हटलं, माझं मी भरीन. सातवीला शाळा सुटली तरी मी वाचत राहिले, हे तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी ऑफिसच्या लायब्ररीतून आणलेली पुस्तकं मी डाळ शिजेपर्यंत वाचायची (पुष्कळदा डाळ करपेपर्यंत), आणि इंग्रजी तर औषधांच्या बाटल्या आणि विजेची बिलं वाचून शिकले. तेव्हा चष्मा लावून मी फोनवर एकेक अक्षर दाबत सगळं भरलं आणि फार खूश झाले. शुक्रवारी आम्ही छातीवर लावायचा नंबर आणायला गेलो. मोठा पांढरा कागद, त्यावर नंबर, आणि नंबराच्या वर ठसठशीत अक्षरात धावणाऱ्याचं नाव. माझ्या कागदावर ह्यांचं नाव होतं.

(ते मी इथे लिहीत नाही. त्यांच्या बारशाचे पेढे तुम्ही खाल्ले आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. पुढे जिथे लोकांनी ते नाव घेतलं तिथे मी "अमुक" लिहीन, तुम्ही वाचताना घालून घ्या.)

चेतना म्हणाली, काकू, हे कसं झालं? मला लगेच कळलं कसं झालं. आपल्या घरात कुठल्याही कागदाचा पहिला रकाना ह्यांचा. रेशनकार्ड, गॅस, सरकारी दवाखान्याचं कार्ड, सोसायटीचे शेअर, सगळ्यांत वर सरकारी नोकराचं नाव आणि त्याच्या खाली आपण. हे गेल्यावर वाटलं, आता तरी बदलेल, तर पेन्शनच्या कागदांतही पहिला रकाना त्यांचाच. दोन वर्षं मी तेच भरते आहे. हात आपोआप चालला. पहिल्या रकान्यात ते, दुसऱ्यात मी आणि घोलप. आणि ह्या लोकांनी छापलं ते पहिल्या रकान्यातलं. आधार कार्डावर माझ्या नावानंतर ह्यांचं नाव आणि मग आडनाव आहेच, तेव्हा तपासणाऱ्याला तीनही शब्द सापडले आणि तो खूश झाला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "छप गया है आंटी, अब टेप लगा लीजिए ऊपर से." घरी येऊन मी टेप काढलीसुद्धा. पण आमच्या जिन्याशी नावांचा बोर्ड आहे ना, त्यावरचं नाव बदलू का असं सोसायटीचे सेक्रेटरी दर मीटिंगला विचारतात आणि मी दर मीटिंगला पुढच्या मीटिंगचं सांगते. तिथे जे जमलं नाही ते इथे कसं जमणार. टेप परत कपाटात ठेवली.

आता तिथीकडे लक्ष द्या. कालचा रविवार म्हणजे संकष्टी. तुमचा उपास असणार, माझाही होता. पण आपली आश्विनातली संकष्टी म्हणजे इकडच्या बायकांचा करवा चौथ. नवऱ्याला दीर्घायुष्य लाभावं म्हणून दिवसभर पाणीसुद्धा प्यायचं नाही आणि रात्री चाळणीतून चंद्र पाहायचा. शनिवारी सगळी दिल्ली हातावर मेंदी काढून बसलेली. आणि अशा दिवशी तुमची भावजय छातीवर नवऱ्याचं नाव लावून दिल्लीच्या रस्त्यावर उतरली. हे माझ्या ध्यानात केव्हा आलं, तर सुटायच्या रेषेवर उभी राहिल्यावर.

अंधार होता, हवेत धूर होता, सुभेदारांच्या जुन्या व्हॅनमधून उतरून आम्ही स्टेडियमबाहेरच्या गर्दीत घुसलो. आजूबाजूला हजारो माणसं उड्या मारत होती. उड्या मारायची ताकद पुढे लागणार आहे, असं नंबराबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, पण एवढ्या लोकांत ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच असणार. त्यात हेही लिहिलं होतं की ठरलेल्या वेळेपेक्षा जो मागे पडेल त्याला मागून येणारी बस उचलील. बस हा शब्द वाचला की मला फलटणचा ट्रक दिसायचा. चेतनाला आधी सुटणारी तुकडी मिळाली होती, निघताना म्हणाली, "काकू, टेन्शन नका घेऊ, बस चलते रहो." सुभेदार म्हणाले, "झाडापर्यंत पळा." मी म्हटलं, कुठल्या? ते म्हणाले, "दिल्लीत पुष्कळ आहेत."

पहिल्या किलोमीटरातच पळता पळता माझ्या शेजारी एक बाई आली. लाल टी-शर्ट, कोपरापर्यंत मेंदी, हातभर चुडा, गाझियाबादला बँकेत असते, नाव रुचिरा. तिने माझ्या छातीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हिशेब केला. "आंटी, अमुकजी अंकल हैं ना? आपने उनके नाम से दौड़ रखी है? करवा चौथ पे?" मी सांगायला तोंड उघडलं, पण दम असा लागला होता की मला एका वेळी एकच शब्द मिळत होता, आणि "हाँ" हा सगळ्यात छोटा निघाला. झालं. ती बाई ओरडत सुटली. "देखो देखो, आंटी अपने पति के लिए दौड़ रही हैं!" मग वन्सं, लोधी रोडपासून पुढे जे सुरू झालं ते काय सांगू. कडेला टाळ्या वाजवायला उभे असलेले लोक, ढोलवाले, शाळेच्या मुली, वाहतूक पोलीस, सगळे ह्यांच्या नावाने ओरडायला लागले. अमुकजी, चलो. अमुकजी, शाबाश. एका म्हाताऱ्या सरदारजींनी तर हात जोडले आणि म्हणाले, "अमुकजी बड़े नसीबवाले हैं." ज्या माणसाला चौतीस वर्षं मी "अहो" म्हणून हाक मारली, दुधवाल्यालासुद्धा "साहेब घरात नाहीत" असं सांगितलं, त्याचं नाव सकाळी सहा वाजता अख्खी दिल्ली घेत होती. हे असते तर लाजेनं इंडिया गेटच्या मागे लपले असते. ऑफिसातल्या निरोप समारंभालाही ते शेवटच्या रांगेत बसले होते, सत्कार त्यांचाच होता तरी.

पहिल्यांदा मला घाम फुटला. मग राग आला. मग (हे फक्त तुम्हाला लिहिते) बरं वाटायला लागलं. कारण हे गेल्यापासून ते नाव कुणी मोठ्यानं घेतलंच नव्हतं. बँकेत, पेन्शनच्या खिडकीवर घेतात, पण "कैलासवासी" लावून आणि हळू आवाजात, जणू ते शेजारच्या खोलीत झोपले आहेत.

पाण्याच्या टेबलाशी निराळाच तमाशा. मी ग्लासाला हात घातला तर टेबलामागच्या मेंदीवाल्या मुलीनं ग्लास मागे घेतला. "आंटीजी, आपका तो निर्जला होगा?" मी म्हटलं, हमारा गणपति का है, उसमें पानी चलता है. "पति के लिए गणपति का?" मी म्हटलं, बेटा, आधी पानी दे, बादमें सब बताती हूँ. सुभेदारांनी खिशात ताकदीच्या जेलीची एक पुडी दिली होती, ती काढून मी चालत चालत चष्मा लावून मागचं बारीक वाचलं, तर त्यात मक्याचं काहीतरी. मका कुठला उपासाला. पुडी एका घामेजलेल्या मुलाला देऊन टाकली आणि मी माझी राजगिऱ्याची वडी खाल्ली. वडीचा चुरा घशात अडकून मी जी खोकायला लागले, त्यात माझी गती थोडी वाढली असं रुचिराचं म्हणणं पडलं. पुढे तिला तिच्या वेगानं जायचं होतं. "आंटी, फिनिश पे मिलते हैं," म्हणून ती गेली, आणि मी एकटी पडले.

कर्तव्यपथावर ऊन आलं. चवडा बुटात सुजला, डाव्या पोटरीत गोळा आला, आणि झाडापर्यंत पळायचं म्हटलं तर झाडंच माझ्यापासून लांब सरकायला लागली. शेवटी मी थांबले, कठड्यावर टेकले. आणि मागून बस आली. पांढरी, मोठी, अगदी हळू, लग्नाच्या वरातीसारखी. आत दमलेले लोक मजेत बसले होते, केळी खात होते, अंताक्षरी चालली होती. खिडकीतून एक माणूस म्हणाला, "आ जाओ आंटी, एसी चल रहा है." वन्सं, त्या क्षणी मला तुमच्या फलटणच्या घराची मागची पडवी दिसली. थंड फरशी दिसली. मनात आलं, काय वाईट आहे, दोन वेळा चहा मिळेल, बोलायला माणूस मिळेल, आणि ह्या वयात हे कुणासाठी चाललं आहे. मी बसच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

दारात एक पोरगी फोन घेऊन उभी होती. बसमध्ये चढणाऱ्याची नोंद ती करत होती. माझ्या छातीकडे पाहून तिनं नंबर टिपला आणि मोठ्यानं म्हणाली, "अमुकजी, अधूरा." म्हणजे अपुरी सोडली. तिचं काही चुकलं नाही, तिचं कामच ते. पण माझ्या कानात तो शब्द शिरला आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. ह्यांनी आयुष्यात काहीसुद्धा अर्धवट सोडलं नाही. ताटात कधी शीत ठेवलं नाही, शब्दकोडं पुरं केल्याशिवाय पेपर रद्दीत टाकला नाही. एकदाच काय ते सगळं अर्धं टाकून गेले, फेब्रुवारीच्या एका सकाळी, चहासुद्धा अर्धा कप तसाच. तेवढं एकदा झालं ते पुरे. पुन्हा त्यांच्या नावापुढे तो शब्द मी लागू देणार नव्हते. मी त्या मुलीला म्हटलं, "काट दे." ती म्हणाली, "आंटी, हो गया एंटर." मी म्हटलं, "बेटा, मैं पेन्शन ऑफिस से दो साल लड़ी हूँ. काट." तिनं खोडलं.

त्यानंतर मी काही पळाले वगैरे नाही, उगीच फुशारकी कशाला. चालत होते, पण रागानं चालत होते. बस मागे, मी पुढे. बसमधल्या लोकांनी अंताक्षरी सोडली आणि खिडक्यांतून माना काढून तेही ह्यांच्या नावानं ओरडायला लागले. ज्या बसनं मला उचलायचं तिच्यातलेच लोक मला पळवत होते, आणि ड्रायव्हर हॉर्न देऊन ताल धरत होता. बहुधा तोसुद्धा माझ्या बाजूचा झाला असावा, कारण पुढच्या वळणावर त्यानं विनाकारण ब्रेक लावून काच पुसली. शेवटच्या वळणावरून कमान दिसली. बस मागेच राहिली.

कमानीशी माइकवाला मुलगा होता. रुचिरानं आधी पोचून त्याला सगळी कथा सांगून ठेवलेली. मी दिसले मात्र, तो सुरू झाला. करवा चौथच्या दिवशी, ह्या वयात, पतीचं नाव छातीवर घेऊन, आणि कुठे आहेत ते भाग्यवान अमुकजी, स्टेजवर या. सगळे लोक इकडेतिकडे पाहायला लागले. सुभेदार बिचारे माझ्यासाठी टॉवेल आणि पाणी घेऊन पुढे उभे होते. लोकांना तेवढं पुरलं. चार जणांनी त्यांना उचलून स्टेजवर घातलं, कुणीतरी गळ्यात झेंडूची माळही घातली. पाकिस्तानच्या सीमेवर न घाबरलेला माणूस, पण काल पांढराफटक पडला. "मैं नहीं हूँ, मैं नहीं हूँ," म्हणत त्यांनी सवयीनं सॅल्यूट ठोकला, तर लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. माइकवाल्यानं माइक माझ्यापुढे धरला. "आंटीजी, तो अमुकजी कहाँ हैं?"

मी म्हटलं, "वो नहीं हैं, बेटा. दो साल होंगे."

पहाटेपासून एक क्षण न थांबलेला तो पोरगा हातातला कागद उलटसुलट करून पाहायला लागला. रुचिरानं मेंदीचा हात तोंडावर ठेवला. लोकांनी टाळ्यांसाठी उचललेले हात खाली घेतले, सुभेदार गळ्यातली माळ चाचपायला लागले. एवढ्या आनंदाच्या जागी माझ्यामुळे सगळ्यांची तोंडं पडली, याचं मला फार वाईट वाटलं. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे समारंभात कुणाचं तोंड पडलं, कुठे अवघडलं, तर काय करतात. नाव घ्यायला सांगतात. मला ठाऊक आहे, माझ्यासारखीनं उखाणा घेत नाहीत. हळदीकुंकवाला मला बोलावतात तेव्हाही आत स्वयंपाकघरात बोलावतात. पण मला कुणी अडवलं नाही, कारण अडवायला तिथे आपल्यातलं कुणी नव्हतंच. माइक पुढ्यात होता, आणि सकाळपासून जे नाव सगळ्या दिल्लीनं घेतलं ते घ्यायची मी एकटीच राहिले होते. मी म्हटलं,

"दिल्लीच्या डांबरावर धावता धावता पाय झाले जड,
विलासरावांच्या नावावर सर केला गड."

कुणालाही एक अक्षर कळलं नाही. पण गर्दीत मागे कॅन्टोन्मेंटमधली आपल्याकडची तीन-चार फौजी पोरं होती, त्यांनी जी आरोळी दिली की माइकवाला दचकला. एक जण ओरडला, "वहिनी, आणखी एक." मग सगळेच टाळ्या वाजवायला लागले आणि बराच वेळ थांबेनात. सुभेदारांनी माळ काढून माझ्या हातात दिली आणि चष्मा पुसायला लागले. ते चष्मा कधीच काढत नाहीत. त्यानंतर मी गवतावर गेले आणि वर लिहिल्याप्रमाणे तुम्हाला नमस्कार घातला.

रात्री चंद्रोदयाला गच्चीवर गेले. गेल्या वर्षी खालच्या बायका चाळण्या घेऊन वर होत्या, म्हणून मी त्या उतरल्यावर माझं ताम्हन घेऊन गेले होते. या वर्षी वेळेवर गेले. धैर्य वगैरे काही नाही, त्या उतरल्या का ते पाहायला जिन्यात दोनदा यायची पायांत ताकद नव्हती. त्यांनी सरकून मला जागा दिली. चंद्र धुरातून भाकरीसारखा लालसर वर आला, मी अर्घ्य दिलं, त्यांनी नवरे पाहिले, आणि सगळ्यांनी मिळून माझं पदक पाहिलं. मोदक पुरले नाहीत.

तर "कोणी पाहिलं?" याचं उत्तर हे असं आहे. साक्षीदार हवे असतील तर बसभर आहेत. थंडी सुरू होईल, तुम्ही आता पहाटे अंगणात बसत जाऊ नका. भाऊजींना पुन्हा नमस्कार, त्यांच्या मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
अहिल्या विलास घोलप
(बोर्डावरचं नाव राहू द्या असं आज सेक्रेटरींना सांगून टाकलं. शेजारी माझंही रंगवायला सांगितलं आहे.)

ता. क. "बसच्या दाराशी उभी राहिले" असं वर लिहिलं आहे. दाराशी म्हणजे दाराच्या आत, दुसऱ्या पायरीवर. एक केळंही घेतलं. (केळं उपासाला चालतं.) पण आपलं ठरलं होतं ते गाडीत "बसलीस तर" असं. मी बसले नाही. भाऊजींना विचारा, ते साक्षीला होते.

ता. क. २. ट्रकचं भाडं आगाऊ दिलं असेल तर रद्द करू नका. तिकडून भरून इकडे पाठवा, आणि पुढच्या सीटवर तुम्ही बसा. भाऊजींचं बिऱ्हाड वेगळं, तुमचे विश्वनाथराव गेल्यापासून त्या घरात तुम्हीही एकट्याच आहात, आणि पडवीत माझ्यासाठी नाही तर तुमच्यासाठी माणूस हवं होतं, हे मला कठड्यावर बसल्यावर कळलं. दोन महिने राहा, नाही जमलं तर परत जा. वेताची खुर्ची तुम्हाला. मला आता तिच्यात बसलं की उठता येत नाही.

ता. क. ३. फेब्रुवारीत सुभेदार रसदीसाठी पाच किलोमीटरची छोटी शर्यत ठेवणार आहेत. चालत गेलं तरी चालतं, मागे बस नाही. तुमचं नाव घालते आहे, पँटचं माप तेवढं कळवा. आणि वन्सं, फॉर्म पुढ्यात आहे. दुसऱ्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं. पहिला कोरा ठेवला आहे. त्यात जे लिहाल तेच छातीवर छापतात, आणि लोक वाटभर तेच मोठ्यानं घेतात. काय लिहू?